आभाळातलं भोक आणि न दिसणारा प्रकाश

आजची गोष्ट एका पत्रापासून सुरू होते. साल १८३३. जर्मनीतलं हॅनोव्हर शहर. ८३ वर्षांची एक बाई आपल्या भाच्याला पत्र लिहितेय. भाचा लवकरच जहाजाने आफ्रिकेच्या दक्षिण टोकाला, केप ऑफ गुड होपला निघणार आहे. सोबत कुटुंब आणि एक भलीमोठी दुर्बीण. आत्याचं त्याच्याकडे एक काम आहे. तिकडे पोचलास की वृश्चिक राशीत नीट बघ, असं ती त्याला सांगते. आणि पुढच्या एका पत्रात तिला जवळपास पन्नास वर्षांपूर्वीची एक रात्र आठवते. त्या रात्री दुर्बिणीला डोळा लावून बसलेला तिचा भाऊ बराच वेळ काहीच बोलला नव्हता. आणि मग एकदम म्हणाला होता, की इथे तर आभाळाला खरोखरच भोक पडलंय!

ही आत्या म्हणजे कॅरोलाइन हर्शेल. आठ धूमकेतू शोधणारी, आणि खगोलशास्त्राच्या कामासाठी राजाकडून पगार घेणारी इंग्लंडमधली पहिली बाई. तो भाऊ म्हणजे विल्यम हर्शेल, १७८१ साली युरेनस शोधणारा. आणि भाचा म्हणजे विल्यमचा मुलगा जॉन, तोही पुढे मोठा शास्त्रज्ञ.

आज आपण त्या भोकात डोकावणार आहोत. त्यातली गंमत आधीच सांगून टाकतो. भोक दिसलं विल्यमला. आणि त्या भोकात काय दडलंय हे दाखवू शकणारा प्रकाशही सापडला विल्यमलाच. पण या दोन शोधांची गाठ पडायला जवळपास पावणेदोनशे वर्षं गेली. एवढा वेळ का लागला, हाच आजचा विषय.

ताऱ्यांच्या गर्दीत एक काळा चौक

१७८४-८५ च्या सुमाराची गोष्ट. विल्यम आणि कॅरोलाइन तेव्हा इंग्लंडमध्ये विंडसरजवळच्या डॅचेट गावात राहत होते. रात्रीचं काम दोघांनी वाटून घेतलेलं. विल्यम बाहेर थंडीत दुर्बिणीपाशी, कॅरोलाइन खिडकीशी मेजावर. तो वरून ओरडून सांगणार, ती वेळ आणि जागा बघून टिपून ठेवणार. असे हजारो तारे, शेकडो तेजोमेघ त्यांनी नोंदवले.

वृश्चिक राशीकडे दुर्बीण वळली तेव्हा विल्यमला एक विचित्र जागा दिसली. आजूबाजूला आकाशगंगेतल्या ताऱ्यांची खच्चून गर्दी, आणि मध्येच साधारण चार अंश रुंदीचा पट्टा जवळजवळ रिकामा. चार अंश म्हणजे किती? पौर्णिमेचे आठ चंद्र एका ओळीत ठेवले तर जेवढी जागा व्यापतील तेवढी. किरकोळ नाही!

विल्यमने या रिकामेपणाचं कारणही शोधलं. या भोकाच्या पश्चिम काठावर ताऱ्यांचा एक दाट गुच्छ आहे. आज त्याला आपण मेसिए ८० म्हणतो. विल्यमला वाटलं, गुरुत्वाकर्षणाने आसपासचे तारे ओढले गेले, त्या गुच्छात जमा झाले, आणि मूळ जागा ओसाड पडली. गावातली माणसं शहरात गेली आणि गाव रिकामं झालं, तसं काहीसं. १७८५ च्या निबंधात त्याने हे मांडलं. तर्क सुंदर होता. पण चुकीचा होता.

१८००: थर्मामीटर घेऊन रंग मोजणारा माणूस

पंधरा वर्षं पुढे येऊ. विल्यम आता साठी ओलांडलेला, स्लाऊ गावात राहणारा. सूर्याचं निरीक्षण करताना डोळे भाजू नयेत म्हणून तो वेगवेगळ्या रंगांच्या काचा लावून बघत होता. त्याला एक गोष्ट खटकली. काही काचांमधून उजेड कमी येई पण डोळ्याला चटका बसे. काहींमधून उजेड भरपूर, पण ऊब नाही. म्हणजे प्रत्येक रंगाची उष्णता वेगळी असते की काय?

दुसरा कोणी असता तर चांगली काच निवडून पुढे गेला असता. याने थर्मामीटर आणले, त्यांचे फुगे काळे केले, लोलकातून सूर्यप्रकाश पाडला आणि एकेका रंगात थर्मामीटर ठेवून मोजायला बसला. शेजारी सावलीत तुलनेसाठी आणखी थर्मामीटर. जांभळ्या रंगात पारा साधारण २ अंश फॅरनहाइट चढला. हिरव्यात ३ पेक्षा थोडा जास्त. लालमध्ये जवळपास ७.

इथे इंटरनेटवर फिरणारी एक गोष्ट दुरुस्त करू. लोक सांगतात, की शेजारी ठेवलेला थर्मामीटर चुकून लाल रंगाच्या बाहेर राहिला, तो जास्त तापला आणि हर्शेल चकित झाला. त्याचे स्वतःचे निबंध वाचले तर चित्र वेगळं दिसतं. आकडे लालकडे चढत चाललेत हे बघून त्याने आधीच लिहून ठेवलं होतं, की सगळ्यात जास्त उष्णता कदाचित दिसणाऱ्या रंगांच्या पलीकडे असेल. मग त्याने मुद्दाम थर्मामीटर लाल पट्ट्याच्या बाहेर, जिथे डोळ्याला काहीच दिसत नाही तिथे ठेवला. आणि पारा चढला! अपघात नव्हता. आकड्यांवर विश्वास ठेवून अंधारात टाकलेलं ते पाऊल होतं.

हाच तो इन्फ्रारेड, मराठीत अवरक्त प्रकाश. हे नाव नंतरचं. त्याच्यासाठी ते नुसते उष्णतेचे किरण होते.

आता खरी मेख. हे किरण आणि प्रकाश एकाच जातीचे आहेत का, हा प्रश्न हर्शेलला पडला. सुरुवातीला त्याचा कल ‘हो’ म्हणण्याकडे होता. पण त्याच वर्षी आणखी प्रयोग करून तो उलट्या निष्कर्षाला आला: प्रकाश वेगळा, उष्णता वेगळी. ज्याने दार उघडलं त्यानेच ते पुन्हा लोटून घेतलं. दोन्ही एकच आहेत, फक्त तरंगलांबी वेगळी, हे पक्कं पटायला पुढची जवळपास पन्नास वर्षं जावी लागली.

तुम्हाला हा प्रकाश बघायचाय? आत्ता बघा. टीव्हीचा रिमोट घ्या, त्याचं पुढचं टोक मोबाइलच्या कॅमेऱ्यासमोर धरा आणि बटण दाबा. मागच्या कॅमेऱ्यात बहुतेक दिसणार नाही, कारण त्यावर इन्फ्रारेड अडवणारा फिल्टर असतो. सेल्फी कॅमेऱ्याने बघा. बऱ्याच फोनमध्ये फिकट जांभळा ठिपका लुकलुकताना दिसतो. डोळ्याला काही नाही, कॅमेऱ्याला आहे. हर्शेलकडे कॅमेरा नव्हता, पारा होता.

भोक नव्हे, पडदा

तिकडे आकाशातलं भोक तसंच राहिलं. जॉन हर्शेल १८३४ मध्ये केपला पोचला. इंग्लंडमधून वृश्चिक अगदी क्षितिजाला टेकलेली दिसते, केपहून ती डोक्यावर येते. म्हणून तर आत्याने त्याला हे काम सांगितलं होतं. त्याने वृश्चिक पिंजून काढली आणि कळवलं, की इथे अशा कितीतरी जागा आहेत जिथे बारीकसा ताराही नाही.

आत्याला हे नवीन होतं का? नाही. १८३३ च्या पत्रातच तिने लिहिलं होतं. तुझे वडील त्या जागेकडे कितीतरी रात्री, वर्षानुवर्षं परत परत जात आणि त्यांचं समाधान होत नसे, याची तिने आठवण करून दिली. आणि आपल्या मनातली शंका सांगितली: तिथे फक्त तारे नाहीत एवढंच नसावं, त्याहून जास्त काहीतरी असावं.

ही शंका लक्षात ठेवा. पुराव्याशिवायची, पण अचूक.

पन्नासेक वर्षांनी फोटोग्राफी आली. अमेरिकेत एडवर्ड एमर्सन बर्नार्ड यांनी तासन्‌तास प्लेट उघडी ठेवून आकाशगंगेचे फोटो घेतले, त्यात वृश्चिक आणि शेजारच्या भुजंगधारीचा हा भागही होता. फोटोत त्या काळ्या जागांना आकार दिसू लागले: फांद्या, नाले, धुरासारखे लोट. भोकाला असे लोट कशाला असतील? खुद्द बर्नार्डही बरीच वर्षं या प्रश्नावर घुटमळत होते. १९१९ मध्ये त्यांनी अशा १८२ काळ्या जागांची यादी छापली, तोवर त्यांना बऱ्याच जागा म्हणजे प्रकाश अडवणारे ढग आहेत असं पटलं होतं. १९३० मध्ये रॉबर्ट ट्रम्पलर यांनी तारकागुच्छांचा अभ्यास करून दाखवलं, की ताऱ्यांमधली जागा मुळी स्वच्छ नाही. तिथे धूळ आहे, ती प्रकाश गिळते, आणि लांबचे तारे त्यामुळे आहेत त्याहून मंद दिसतात.

म्हणजे विल्यमचं ओसाड गाव ओसाड नव्हतंच. समोर पडदा होता. मग प्रश्न आला: पडद्यामागे कोण आहे?

बांबू आणि लाट

ही धूळ आपल्या कपाटावर साचते तशी नाही. वाळूच्या आणि काजळीच्या जातीचे, धुराच्या कणांएवढे बारीक कण. मरायला टेकलेले तारे ते बाहेर फेकतात. एका मिलिमीटरचे हजार भाग केले की एक मायक्रॉन. हे कण बहुतेक मायक्रॉनहूनही लहान. आणि दिसणाऱ्या प्रकाशाची तरंगलांबी असते ०.४ ते ०.७ मायक्रॉन. दोघांचं माप साधारण सारखं, म्हणून टक्कर चुकत नाही.

समुद्रात उथळ पाण्यात रोवलेला बांबू आठवा. बारीक तरंग त्याला आपटून फुटतात, पसरतात. पण मोठी लाट आली तर? बांबू तिथे आहे याची तिला दादही नसते, ती पुढे निघून जाते. इन्फ्रारेड ही ती मोठी लाट. २ मायक्रॉन, १० मायक्रॉन, १०० मायक्रॉन लांबीची. धुळीच्या कणाला ती फारशी जुमानत नाही.

आकड्यात ऐका. आपल्या आकाशगंगेचं केंद्र साधारण २६,००० प्रकाशवर्षं दूर, मध्ये धूळच धूळ. तिथून निघालेल्या दिसणाऱ्या प्रकाशाच्या एक लाख कोटी कणांपैकी आपल्यापर्यंत पोचतो जेमतेम एक. आणि २.२ मायक्रॉनच्या इन्फ्रारेडमध्ये? दहा-पंधरातला एक. एकीकडे मिट्ट अंधार, दुसरीकडे खिडकीला नुसता जाड पडदा.

दुसरा फायदा तितकाच मोठा. कोणतीही वस्तू तिच्या तापमानानुसार प्रकाश फेकते. सूर्याचा पृष्ठभाग ५,५०० अंश सेल्सिअसच्या आसपास, म्हणून तो डोळ्याला दिसणाऱ्या प्रकाशात सगळ्यात जास्त तळपतो. पण अजून पुरता न पेटलेला तारा, किंवा ताऱ्याभोवतीची कोमट धूळ, किंवा तुम्ही-आम्ही? आपलं ३७ अंशांचं शरीर ९-१० मायक्रॉनच्या आसपास सगळ्यात जास्त चमकतं. होय, तुम्ही आत्ता बसल्या जागी चमकताय. अंधारात सुद्धा. म्हणजे ज्या गोष्टी थंड आहेत आणि लपलेल्या आहेत, त्या बघायला इन्फ्रारेडसारखा प्रकाश नाही. आणि जन्माला येणारे तारे नेमके हेच असतात: थंड आणि लपलेले.

मग १८०० साली सापडलेला प्रकाश लगेच का नाही वापरला?

मशाल घेऊन काजवा शोधायचा कसा?

उत्तर तुम्ही आत्ताच ऐकलंत. तुम्ही चमकताय. दुर्बिणीचा आरसा चमकतोय, तिची नळी, वरचा घुमट, हवा, सगळं चमकतंय. इन्फ्रारेड ओळखणारं यंत्रही स्वतः चमकतंय. हातात पेटती मशाल घेऊन काजवा शोधायला निघावं, तशी ही गत. त्यात पृथ्वीच्या हवेतलं पाण्याचं बाष्प आणि कार्बन डायऑक्साइड बराचसा इन्फ्रारेड वरच्या वर गिळून टाकतात. त्यामुळे पुढची दीडशे वर्षं म्हणजे धडपडीचा इतिहास आहे.

१८५६ मध्ये चार्ल्स पियाझी स्मिथ टेनेरिफ बेटावरच्या डोंगरावर चढला आणि चंद्राकडून येणारी ऊब मोजली. जेवढं उंच जावं तेवढं मोजमाप चांगलं, हे त्याच्या लक्षात आलं. आजही इन्फ्रारेड दुर्बिणी डोंगरमाथ्यावर असतात त्या यासाठीच.

१८७८ मध्ये थॉमस एडिसनसुद्धा या नादाला लागला. सूर्यग्रहणात सूर्याभोवतीच्या प्रभामंडळाची उष्णता मोजायला त्याने एक नाजूक यंत्र बनवलं आणि अमेरिकेतल्या वायोमिंगमध्ये रॉलिन्स गावी गेला. जागा कुठे मिळाली? कोंबड्यांच्या खुराड्यात! सोसाट्याचा वारा, हलणारं खुराडं, आणि ऐन ग्रहणात यंत्राचा काटा पट्टीच्या पार बाहेर गेला. उष्णता आहे एवढं कळलं, किती ते नाही. दोनेक वर्षांनी सॅम्युअल लँगलीने बोलोमीटर बनवला. प्लॅटिनमची बारीक पट्टी तापली की तिचा विजेला होणारा अवरोध बदलतो, तो मोजायचा. १९२० च्या दशकात माउंट विल्सन वेधशाळेत पेटिट आणि निकोल्सन यांनी शंभरावर ताऱ्यांची उष्णता मोजली. पण हे सगळे आधीच दिसणारे, ठळक तारे. लपलेल्यांपर्यंत हात पोचत नव्हता.

खरं वळण आलं युद्धातून. दुसऱ्या महायुद्धाच्या काळात शत्रूची गरम इंजिनं अंधारात ओळखण्यासाठी लेड सल्फाइड नावाच्या पदार्थाचे शोधक तयार झाले. युद्ध संपल्यावर जेरार्ड कायपर यांच्यासारख्या खगोलशास्त्रज्ञांनी ते आकाशाकडे वळवले. आणि १९६१ मध्ये फ्रँक लो यांनी जर्मेनियमचा बोलोमीटर बनवला, जो द्रवरूप हेलियममध्ये बुडवून ठेवायचा. उणे २६९ अंश, आणि गरज पडली तर त्याहूनही खाली. किल्ली इथे होती. थंड वस्तू बघायची असेल तर बघणाऱ्याने तिच्याहून थंड व्हायला हवं. मशाल विझवा, मगच काजवा दिसेल.

रेझिनचा आरसा आणि एक विद्यार्थी

१९६० च्या दशकात कॅलिफोर्नियातल्या कॅल्टेकमध्ये गेरी नॉयगेबाउअर आणि रॉबर्ट लेटन यांनी ठरवलं, की उत्तरेकडून दिसणारं सगळं आकाश २.२ मायक्रॉनवर चाळून काढायचं. काचेचा मोठा आरसा घासायला पैसा आणि वेळ लागतो. लेटन यांनी शक्कल लढवली: एक मोठी थाळी गोल फिरवत ठेवायची आणि तिच्यात एपॉक्सी रेझिन ओतायचं. फिरणारा द्रव कडेला चढतो आणि मध्ये खोलगट होतो. ताक घुसळताना भांड्यात बघितलं असेल. नेमका दुर्बिणीला हवा तोच आकार! रेझिन सुकलं, वर ॲल्युमिनियमचा थर दिला, दीड मीटरहून मोठा आरसा तयार. आज ही दुर्बीण अमेरिकेतल्या स्मिथसोनियन संग्रहालयात आहे.

१९६९ मध्ये त्यांची यादी छापली: ५,६१२ स्रोत. त्यातले काही इन्फ्रारेडमध्ये झगमगणारे, आणि नेहमीच्या फोटोत जेमतेम ठिपका.

याच गटात एरिक बेकलिन नावाचा पीएचडीचा विद्यार्थी होता. १९६६ मध्ये त्याने आकाशगंगेच्या केंद्राचा इन्फ्रारेड उजेड पहिल्यांदा टिपला. मृग नक्षत्रातल्या तेजोमेघाच्या भागातही त्याला एक तेजस्वी ठिपका सापडला, जिथे साध्या फोटोत तारा नव्हताच. धुळीच्या कोशात गुरफटलेला, नुकता घडत असलेला तारा. आज त्याला बेकलिन-नॉयगेबाउअर वस्तू म्हणतात.

आणि आता वृश्चिकेकडे परत. १९७३ मध्ये गॅरी ग्रासडालेन, कॅरन स्ट्रॉम आणि स्टीव्हन स्ट्रॉम यांनी भुजंगधारीतल्या त्या काळ्या ढगाचा २ मायक्रॉनचा नकाशा प्रसिद्ध केला. रो ओफियुकी ताऱ्याजवळचा हा ढग. मेसिए ८० च्या शेजारचा. म्हणजेच विल्यमने जिथे भोक बघितलं तोच भाग. त्यांना काय दिसलं? डझनावारी तारे. ढगाच्या आत. गच्च.

‘भोक’ रिकामं नव्हतं. ती बाळंतिणीची खोली होती, म्हणून तर दार लावलेलं होतं. विल्यमला वाटलं तारे इथून निघून गेले. प्रत्यक्षात तारे इथे येत होते. आणि तिथे नुसत्या अभावापेक्षा जास्त काहीतरी आहे, ही कॅरोलाइनची शंका दीडेकशे वर्षांनी खरी निघाली.

हवेच्या वर

पण २ मायक्रॉन ही फक्त सुरुवात. सगळ्यात थंड धूळ, जिच्यातून पुढचे तारे बनणार आहेत, ती १०० मायक्रॉनच्या आसपास चमकते आणि तो प्रकाश जमिनीपर्यंत पोचतच नाही. त्यासाठी हवेच्या वर जायला हवं.

इथे आपल्याकडची एक गोष्ट सांगायलाच हवी. मुंबईत कुलाब्याला टाटा मूलभूत संशोधन संस्था आहे, आपली टीआयएफआर. तिथल्या शास्त्रज्ञांनी १ मीटर आरशाची इन्फ्रारेड दुर्बीण बनवली आणि ती प्रचंड फुग्याला टांगून हैदराबादहून उडवली. ३० किलोमीटरच्या आसपास उंची, जिथे बाष्प जवळजवळ नाही. रात्रभर तारे जन्मणाऱ्या ढगांचे नकाशे काढायचे आणि मग पॅराशूटने यंत्र खाली आणायचं. तिचे शोधक किती थंड ठेवले होते माहितीये? निरपेक्ष शून्याच्या वर ०.३ अंश. ताऱ्यांमधली पोकळीसुद्धा याहून गरम असते, साधारण २.७ अंश. पुढे टीआयएफआरमध्ये बनलेलं इन्फ्रारेड उपकरण लडाखमधल्या हान्लेच्या दुर्बिणीवरही बसलं, ४,५०० मीटर उंचीवर. राजस्थानात माउंट अबूच्या गुरुशिखरावरही १.२ मीटरची इन्फ्रारेड दुर्बीण आहे.

२५ जानेवारी १९८३ ला अमेरिका, नेदरलँड्स आणि ब्रिटन यांचा आयरास उपग्रह उडाला. आरसा फक्त ५७ सेंटिमीटरचा, पण सगळी दुर्बीण द्रव हेलियमने गारठवलेली. १० महिन्यांत त्याने ९६ टक्के आकाश चाळलं आणि सुमारे अडीच लाख स्रोत नोंदवले. यंत्राची पट्टी जुळवायला म्हणून अभिजित तारा बघितला, तर तो इन्फ्रारेडमध्ये हवा त्यापेक्षा कितीतरी तेजस्वी! त्याच्याभोवती धुळीची चकती होती, ग्रह जिच्यातून बनतात त्या जातीची. नोव्हेंबरमध्ये हेलियम संपलं. यंत्र तापलं. आणि बघणं थांबलं. एवढा साधा हिशोब: थंडी संपली की दृष्टी गेली.

बेकलिन यांनी ज्या केंद्राकडे बोट दाखवलं होतं, तिथले तारे नंतर दोन गटांनी वर्षानुवर्षं इन्फ्रारेडमध्ये पाळतीवर ठेवले. एक तारा १६ वर्षांत अंधाऱ्या बिंदूभोवती घिरटी घेताना सापडला. त्या बिंदूत ४० लाख सूर्यांचं वस्तुमान. कृष्णविवरच. या कामासाठी आंद्रेया गेझ आणि राइनहार्ड गेन्झेल यांना २०२० चं नोबेल मिळालं.

आणि मग जेम्स वेब. २५ डिसेंबर २०२१ ला उडालेली, पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटरवरची दुर्बीण. तिचा ६.५ मीटरचा आरसा सोन्याचा मुलामा दिलेला, कारण सोनं इन्फ्रारेड उत्तम परावर्तित करतं. टेनिस कोर्टाएवढ्या पाच पदरी छत्रीआड ती सूर्य आणि पृथ्वीकडे पाठ करून बसते, उणे २३० अंशांच्या आसपास. १२ जुलै २०२३ ला वेबच्या कामाला एक वर्ष झालं. साजरं करायला कोणता फोटो निवडला? रो ओफियुकी! ३९० प्रकाशवर्षांवरचा, आपल्याला सगळ्यात जवळचा, तारे जन्माला घालणारा ढग. त्या फोटोत सुमारे ५० कोवळे तारे आहेत, काहींच्या तोंडून वायूचे लाल फवारे उडतायत. सूर्याला पंचाहत्तरीचे आजोबा मानलं, तर ही बाळं जेमतेम आठवडाभराची.

जाता जाता

हा इतिहास मला महत्त्वाचा वाटतो तो एका कारणासाठी. ‘दिसत नाही’ आणि ‘नाही’ या दोन वाक्यांत फरक आहे. विल्यम हर्शेलसारखा निष्णात माणूससुद्धा तिथे फसला, आणि त्याच माणसाने थर्मामीटरच्या पाऱ्यावर विश्वास ठेवून न दिसणारा प्रकाश शोधला. रिकामी जागा दिसली की आधी विचारावं: जागा रिकामी आहे, की माझं साधन अपुरं आहे?

ती जागा तुम्हालाही बघता येईल. मे-जून महिन्यात, पावसाळी ढग यायच्या आधी, रात्री दहानंतर दक्षिणेकडे बघा. वृश्चिकेचा वाकडा आकडा आणि त्यात लालसर तारा, ज्येष्ठा. ज्येष्ठ महिन्याचं नाव याच नक्षत्रावरून. ज्येष्ठाच्या थोडं वर, पसरलेल्या हाताच्या दोन बोटांएवढ्या अंतरावर, रो ओफियुकीचा तो ढग आहे. शहरात नाही दिसणार. गावाकडे, अंधारात गेलात तरी तिथे विशेष काही दिसणार नाही.

पण आता तुम्हाला माहितीये तिथे काय चाललंय. रिमोटचा प्रयोग करून बघा, कोणत्या कॅमेऱ्यात ठिपका दिसला ते आम्हाला नक्की कळवा. भेटू पुढच्या भागात. तोवर, ऐकत राहा!